लगूनच्या मुखाशी

मंडळी, कयाक घेऊन चार-पाच दिवस किनाऱ्याने जायचं ठरलं की चर्चा होते ती खुल्या समुद्राची. मला मात्र आज बराचसा वेळ लगूनच्या मुखाला द्यायचा आहे. वाळूच्या दांड्यामागचं उथळ पाणी जिथे समुद्राला मिळतं, ती अरुंद वाट. सबंध दिवसाचं वेळापत्रक या वाटेवरून ठरवावं.

भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. तिचे बारा भाग केले, तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे वाटे पडतात. पातळीतला फरक २.४ मीटर असेल, तर पहिल्या तासात २० सेंटीमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ६०-६०. खुल्या किनाऱ्यावर हा ढोबळ हिशेब चालतो, मुखाशी फसतो. तिथे वाट अरुंद आणि आतला पसारा मोठा, त्यामुळे बाहेर भरती पूर्ण झाली तरी लगून भरायचंच असतं. समुद्र उतरू लागल्यावरही पाणी आत शिरत राहतं, आणि दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की मगच थांबतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या पूर्ण भरतीच्या वेळेनंतर तास-दोन तासही जाऊ शकतात. म्हणून लवकर पोहोचा, काठाला थांबा आणि फेस, शेवाळ कुठे वाहतंय ते बघत राहा.

बाहेर पडायचं ते आत येणारा प्रवाह मंदावत आला की. पुढे काही बिघडलंच, तर पाणी तुम्हाला परत लगूनमध्ये ढकलेल. ओहोटीच्या जोरात निघालात, तर तोच प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडतो, त्या आखूड आणि उभ्या होतात आणि दांड्यावर फुटतात. उधाणाच्या दिवसांत हे अधिक. प्रवाह ३ नॉटचा, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरचा असेल, तर भरलेली कयाक त्याच्याविरुद्ध जागची हलत नाही. समुद्राकडून परतताना आणखी एक फसगत होते: तिथून लाटांच्या फक्त पाठी दिसतात, आणि त्या गुळगुळीत असतात. दोन-तीन मोठ्या लाटांचे घोळके जाऊ द्या, मगच वळा.

खुल्या पाण्यात १२ किलोमीटरची ओलांडणी ताशी ५ किलोमीटरने साधारण अडीच तासांची. आडवा प्रवाह १ नॉटचा असेल, तर तेवढ्यात तुम्ही साडेचार किलोमीटर बाजूला गेलेले असाल. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत ठेवून वल्हवा. रेषा मोडली की नाक प्रवाहाकडे वळवा.

सामानात सर्वांत जड पाणीच. लगूनचं पाणी मचूळ, पिण्याजोगं नाही. माणशी रोज ४ लिटर धरलं, तर पाच दिवसांचं २० किलो. ते लहान पिशव्यांत वाटून बैठकीच्या मागे-पुढे, तळाशी ठेवा. नाक जड झालं तर कयाक सारखी वाऱ्याकडे वळते, शेपूट फार जड झालं तर वाऱ्यापासून दूर. शेपटीला किंचित जास्त वजन चांगलं. पाणी दोन्हीकडचं सारखं प्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी हा तोल बिघडतो.

मागचं स्केग, म्हणजे कयाक वाऱ्यात सरळ राहावी म्हणून तळातून खाली सोडायचं पातं, किनाऱ्यावरून कयाक ओढताना खड्यांनी अडकतं, आणि लक्षात येतं ते नेमकं वाऱ्यात. त्याच्या भोकात बोटभर दोरी बांधून ठेवा. सोबत्याला ती खेचून पाण्यातच ते मोकळं करता येतं.