सॅल्मनचा रंग येतो कुठून?

(दृश्य: पंख्यासारखी उलगडलेली रंगपट्टी, शेजारी माशाचा ताजा कापलेला तुकडा)

निवेदन: भिंतीचा रंग निवडायला दुकानात जशी पट्टी देतात, तशीच ही. फिकट गुलाबीला 20 नंबर, गडद लालसर केशरीला 34. सॅल्मनचा तुकडा शेजारी धरायचा, छटा जुळवायची, नंबर टिपायचा. हिचं नाव साल्मोफॅन. गिऱ्हाईक गडद तुकड्याकडे आधी हात नेतं, म्हणून हा खटाटोप.

(दृश्य: नॉर्वेतला फ्योर्ड, पाण्यावर गोल पिंजरे)

नॉर्वेच्या हित्रा बेटावर 1970 मध्ये ग्रोंटवेट बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यांत सॅल्मन वाढवला आणि तिथून हा धंदा फोफावला. अडचण एकच. सॅल्मनला हा रंग स्वतः तयार करता येत नाही. समुद्रात सूक्ष्म शेवाळापासून सुरू झालेली साखळी क्रिलसारख्या बारीक जिवांतून त्याच्या पोटात येते आणि अस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य स्नायूंत साठतं. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही असाच, खाण्यातून आलेला.

पिंजऱ्यातल्या माशाला मिळतं गोळी-खाद्य: सोया, गहू, मासळीची भुकटी, तेल. त्यात रंगद्रव्य नसेल तर मांस राखाडी-पांढुरकं. घातलं तरी मांसात उतरतं त्यातलं थोडंच, बाकी वाया. खाद्यातल्या सगळ्यात महागड्या जिनसांपैकी ही एक.

बहुतेक ठिकाणी ते कारखान्यातलं असतं, खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनवलेलं. नैसर्गिक पर्यायांत हेमॅटोकॉकस शेवाळाची गंमत बघा. सुखात असतं तोवर हिरवंगार. नायट्रोजन तोडा, प्रखर उजेड द्या, की जीव वाचवायला लालभडक होतं. पण त्या पेशीची भिंत इतकी जाड, की ती फोडल्याशिवाय माशाला पचत नाही. मग भाव चढणारच. फॅफिया नावाचं यीस्ट आहे, कोळंबीची टरफलंही आहेत. युरोपात सेंद्रिय सॅल्मनला असलेच स्रोत चालतात.

(दृश्य: प्रयोगशाळा)

कारखान्यातलं असो की नैसर्गिक, अस्टाझँथिनचं रासायनिक सूत्र एकच. फरक रेणूच्या ठेवणीत. कारखान्यातल्या मालात तीन ठेवणी 1:2:1 प्रमाणात येतात, शेवाळात एकच, यीस्टमध्ये तिचं आरशातलं रूप. मासा निवड करत बसत नाही, जे मिळेल ते साठवतो. त्यामुळे पिंजऱ्यातला मासा समुद्रातला म्हणून कुणी खपवला, तर प्रयोगशाळेला संशय घ्यायला जागा मिळते.

‘कृत्रिम’ म्हटलं की लोक दचकतात. दचकायला कारण होतं, पण ते दुसऱ्या रंगद्रव्याचं: कँथाझँथिन. त्वचा तांबूस दिसावी म्हणून त्याच्या गोळ्या खाणाऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या पडद्यावर स्फटिक सापडले. युरोपीय संघाने 2003 मध्ये सॅल्मनच्या खाद्यातली त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅमवरून 25 वर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत बड्या सुपरमार्केट साखळ्यांवर दावे झाले: रंग खाद्यातून दिलाय, हे लेबलवर का नाही? सवाल रास्तच होता. रंग शेवाळाचा असो की कारखान्याचा, गिऱ्हाइकाला ते कळायलाच हवं.

(दृश्य: पांढऱ्या मांसाचा चिनूक सॅल्मन)

आणि हा पाहा, पॅसिफिकमधला पांढऱ्या मांसाचा चिनूक. खातो तेच, जे बाकीचे खातात. पण याच्या जनुकांमुळे रंग मांसात टिकत नाही. पूर्वी असे मासे पडत्या भावाने जायचे. आता हॉटेलं ‘आयव्हरी किंग’ म्हणत त्यांना चढा दर लावतात.