आधी हवा, मग माग : 'द सिम्स ४'मध्ये कौशल्यं झपाट्यानं वाढवण्याविषयी

(सोलापुरात उन्हाळी सुट्टीत शाळकरी मुलं आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मुलांना सोडायला आलात नि बाहेरचं ऊन बघून इथंच पंख्याखाली टेकलात त्या सगळ्या पालकांनो, नमस्कार.

पूर्व भागात मी कॉम्प्युटरचा क्लास घेते. क्लास सुटल्यावर मुलं थोडा वेळ खेळतात, त्याला माझी ना नसते. गेल्या वर्षभरात एक प्रश्न माझ्याकडे पुन्हापुन्हा आला. "मॅडम, माझ्या सिमचं पेंटिंग पाचव्या लेव्हलला अडकलंय. पटपट कसं वाढवू?" आज मी तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. प्रश्न खेळातला असला तरी त्याचं उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि ते सापडलं तेव्हा मला माझ्या वडिलांच्या कारखान्याची आठवण झाली. ते पुढं येईलच.

पालकांसाठी आधी थोडक्यात सांगते. 'द सिम्स' हा खेळ पहिल्यांदा २००० साली आला. विल राइट नावाच्या माणसाचं घर १९९१ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा उभा करताना, माणसाला घरात नेमकं काय काय लागतं या विचारातून त्याला या खेळाची कल्पना सुचली. आपली मुलं खेळतात तो चौथा खेळ, २०१४ सालचा. ऑक्टोबर २०२२ पासून त्याचा मूळ भाग फुकट झाला, त्यामुळं तो आपल्याकडंही घरोघरी पोचला. यात बंदुका नाहीत, शर्यत नाही. एक घर असतं, त्यात माणसं राहतात. त्या माणसांना सिम म्हणतात. ती जेवतात, झोपतात, नोकरीला जातात, भांडतात आणि शिकतात. स्वयंपाक, चित्रकला, गिटार, बुद्धिबळातून येणारं तर्कशास्त्र, बागकाम, दुरुस्ती, लेखन, अशी कौशल्यं असतात. मोठ्या कौशल्यांना दहा पायऱ्या, छोट्यांना पाच. नोकरीत बढती हवी तर बहुतेक ठिकाणी अमुक पायरी गाठावीच लागते. आणि वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा जास्त वेळ खाते. मुलं पाचव्यापाशी अडकतात ती यामुळं.

आता वेळेचा हिशेब बघा. साध्या वेगानं खेळलं तर आपला एक सेकंद म्हणजे सिमचं एक मिनिट. त्याचा अख्खा दिवस आपल्या चोवीस मिनिटांत संपतो. त्यातले आठ तास नोकरीत जातात, सातेक तास झोपेत. जेवण, अंघोळ, संडास, घरातली आवराआवर यात तीन तास धरा. उरले सहा तास, म्हणजे आपली सहा मिनिटं. खेळाचा वेग वाढवणारं बटण असतं, पण त्यानं आपलं घड्याळ वाचतं, सिमचं नाही. त्याच्याकडं सहाच तास राहतात. ते कसे वापरायचे, एवढाच आपला प्रश्न आहे.

मी सुरुवातीला काय केलं ते सांगते. वैजू नावाची एक सिम केली. तिला चित्रकार करायचं होतं. ती संध्याकाळी पाचला कामावरून आली की लगेच चित्राच्या घोडीपुढं उभी. जेवण नाही, काही नाही. रात्री एकपर्यंत चित्रं. सिमच्या भूक, झोप, करमणूक अशा प्रत्येक गरजेची एक पट्टी असते; भरलेली असली की हिरवी, कमी झाली की पिवळी, संपत आली की लाल. वैजूची भूक लाल झालेली, करमणूक लाल झालेली, तरी मी तिला उठू देईना. मग ती उभ्या जागी जमिनीवर कोसळून झोपली. दुसऱ्या दिवशी कामावर उशीर. आठवडाभर असंच चाललं आणि पायरी मात्र हलेना. मला वाटायचं, आणखी तास दिले पाहिजेत. हा समज इतका पक्का असतो की वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचं घर मी उघडून बघितलं तेव्हा तिथं एक दमलेला, उपाशी सिम कुठल्यातरी यंत्रासमोर उभा होता.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, चार-चार माग सांभाळणाऱ्या कामगारांचं काम अडू द्यायचं नाही, ही त्यांची जबाबदारी. टॉवेलचा कारखाना होता. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मी त्यांना डबा द्यायला जायची. तेव्हा बघायची, दुपारी ते आधी झारीनं जमिनीवर पाणी मारायचे. मला वाटायचं, गारव्यासाठी मारतात. त्यांनी सांगितलं, "गारवा नाही गं, सुतासाठी. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं, पटापट तुटतं. धागा तुटला की माग थांबतो, जोडायचा, पुन्हा चालू करायचा. माग तोच, माणूस तोच, पण हवा कोरडी असली तर संध्याकाळी माल कमी." इथं बसलेल्या ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे माहीत असेल.

वैजूच्या घरी हवा कोरडी होती. सगळं यातच आलं.

'द सिम्स ४'मध्ये प्रत्येक सिमला कुठलातरी मूड असतो आणि प्रत्येक कौशल्याला स्वतःचा मूड हवा असतो. तो जुळला की त्याच एका तासात शिकणं जास्त होतं. चित्रकला, लेखन, गिटार, स्वयंपाक यांना 'इन्स्पायर्ड' मूड लागतो, म्हणजे प्रेरणा. बुद्धिबळ, प्रोग्रामिंग, दुरुस्ती, बागकाम, मासेमारी यांना 'फोकस्ड' म्हणजे एकाग्रता. व्यायामाला 'एनर्जाइज्ड', बोलण्याच्या कलेला 'कॉन्फिडन्ट', विनोदाला 'प्लेफुल'. मुलांना हे बहुधा माहीत असतं. पुढचं मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. मूड म्हणजे एका वेळी एक आणि तोही भांडणातून ठरतो. सिमच्या डोक्यात लहान-मोठ्या भावना एकाच वेळी चालू असतात, ज्या बाजूची बेरीज जास्त ती जिंकते. तुम्ही वैजूला प्रेरणा दिली, पण तिला भूक लागलीय, अंग घामेजलंय, करमणूक संपलीय. तर अस्वस्थता आणि ताण यांची बेरीज वर जाते आणि प्रेरणा असून नसल्यासारखी होते.

याची दुसरी बाजू फार सुंदर आहे. 'हॅपी' म्हणजे नुसता आनंद. तो चालू असला आणि सोबत प्रेरणा असली, तर आनंदाची बेरीज प्रेरणेतच मिळवली जाते. चांगलं जेवण, स्वच्छ अंघोळ, भिंतीवर नीटनेटकी सजावट यांतून साधा आनंद मिळतो. त्याला कौशल्याशी काही देणंघेणं नाही असं वाटतं, पण प्रेरणा 'व्हेरी इन्स्पायर्ड'पर्यंत चढते ती बहुतेकदा याच्याच जोरावर. म्हणून मी मुलांना सांगते, आधी घोडी घेऊ नका, आधी खोली चांगली करा. एकट्या सिमला सुरुवातीला वीस हजार सिमोलिऑन, म्हणजे खेळातले पैसे, मिळतात. त्यातून बहुतेक मुलं मोठा टीव्ही घेतात. मी आधी चांगला पलंग घेते. महाग पलंगावर झोप लवकर पूर्ण होते, आणि सातच्या जागी सहा तासांत सिम ताजा झाला तर तो एक तास शिकायला मिळतो. रोज एक तास. पलंगाचे पैसे कुठल्या कुठं वसूल होतात.

आता वैजूचा नवा दिवस सांगते. कामावरून आली की जेवण. मग शॉवर, पण नुसता नाही. शॉवरवर क्लिक केलं की 'थॉटफुल शॉवर' असतो, त्यातून प्रेरणा येते. व्यायाम करायचा असेल तर 'ब्रिस्क शॉवर' घ्यायचा, त्यातून ऊर्जा येते. कॉम्प्युटरवर कला बघितली तरी प्रेरणा मिळते; सिमपीडिया वाचला की एकाग्रता; बुद्धिबळाच्या पटाकडं नुसतं बघत चाली ताडल्या तरी एकाग्रता. यात सिमचा एखादा तास जातो. मुलांना तो वाया गेल्यासारखा वाटतो, आणि त्यांना थांबवणं हेच माझं सगळ्यात कठीण काम आहे. पाणी मारायला जाणारा वेळ वाया गेला असं माझे वडील कधी म्हणाले नाहीत. मग तीन तास मोकळ्या मनानं चित्र. करमणूक पिवळी व्हायला लागली की थांबायचं, लाल होईपर्यंत वाट बघायची नाही. शिकलेलं कुठं जात नाही. या खेळात सिम आलेली विद्या विसरत नाही, म्हणून थांबण्यात तोटा नाही.

चित्रकाराला आणखी एक सोय आहे. विशिष्ट मूडमध्ये काढलेली काही चित्रं भिंतीवर टांगून क्लिक केलं की तो मूड खोलीत पसरतो. वैजूनं प्रेरणेच्या भरात काढलेली तिचीच चित्रं मी तिच्या खोलीत लावली.

गरज आणि कौशल्य एका दमात भागत असेल तर ते मला फार आवडतं. बुद्धिबळ एकट्यानं खेळू नका, शेजाऱ्याला बोलवा. तर्क वाढतो, गप्पा होतात, करमणूकही होते. गिटार वाजवताना करमणूक भरत जाते. कौशल्याची पुस्तकं विकत घेऊन सिमच्या खिशात ठेवता येतात. बाकावर बसला की वाचेल. एखाद्यानं काही कौशल्यांत दहावी पायरी गाठली की तो दुसऱ्याला शिकवू शकतो. घरात असा एक जण असला की बाकीच्यांचं काम सोपं होतं. एक सावधगिरी मात्र विनोद शिकवताना. 'प्लेफुल' मूड चढत चढत 'हिस्टेरिकल'ला गेला आणि तसाच राहिला, तर सिम हसून हसून मरतो, खरोखर मरतो. तिथं टीव्हीवर विनोदी कार्यक्रम, विनोदी चित्रं आणि विनोदी गप्पा एकदम लावू नका.

इथं एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे. सिम तयार करतानाच काही ठरवता येतं का? येतं, आणि तो निर्णय सगळ्यात लांब पुरतो. मोठ्या सिमला तीन स्वभाव देता येतात. 'जीनियस' असेल तर तो वरचेवर आपोआप एकाग्र होतो, 'क्रिएटिव्ह'ला प्रेरणा येत राहते, 'ॲक्टिव्ह'ला ऊर्जा. शिवाय ध्येय निवडावं लागतं. ज्ञानाच्या गटातलं ध्येय घेतलं तर 'क्विक लर्नर' हा गुण मिळतो, त्यानं सगळीच कौशल्यं लवकर येतात. कलेच्या गटातलं घेतलं तर 'म्यूझर' मिळतो, तो प्रेरणेत असताना कलेपुरता कामाला येतो. एकच कला टोकाला न्यायची असेल तर म्यूझर घ्या. अजून ठरलं नसेल तर ज्ञान. मी वैजूसाठी म्यूझर घेतला होता, पुढच्या वेळी कदाचित दुसरं घेईन.

आणि घरात लहान मूल असेल, तर त्याच्या बालपणाकडं दुर्लक्ष करू नका. पाळण्यातून उतरलेल्या मुलाला बोलणं, चालणं-धावणं, कल्पना, विचार आणि शी-शूची सवय शिकवायची असते. शी-शूला तीन पायऱ्या, बाकीच्यांना पाच. सगळ्या पूर्ण झाल्या तर त्याला जन्मभर पुरणारा गुण मिळतो आणि पुढं कुठलीही विद्या थोडी लवकर येते. शाळकरी वयातलं ध्येय पूर्ण केलं तर असाच आणखी एक गुण मिळतो. मुलं हा टप्पा पळवतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण खेळातला सगळ्यात गोड भाग तोच आहे, आणि तिथं दिलेली दहा मिनिटं सिमच्या सगळ्या आयुष्यात परत येतात.

मागं बसलेल्या काकांनी विचारलंय, चीट वापरलं तर? कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबलं की पट्टी उघडते, त्यात लिहून कौशल्य थेट दहावर नेता येतं. मी त्याला पाप मानत नाही. तुम्हाला एखादी गोष्ट रचायचीय, तिच्यात म्हातारा पट्टीचा गवई हवाय, तर खुशाल वापरा. पण "कसं वाढवू" असं ज्या मुलानं विचारलं त्याला हे उत्तर देता येणार नाही. त्याला वाढवायचंय.

बोलणं पुरे. प्रोजेक्टर लावलाय, वैजूचं घर उघडते. तिच्याकडं सकाळचे सहा वाजलेत. भूक पिवळी, झोप हिरवी, करमणूक अर्धी. पेंटिंग नवव्या पायरीवर आहे, कामाला जायला तीन तास आहेत. पुढच्या रांगेतल्या, निळा शर्ट घातलेल्या मुला, तू ये. माउस घे आणि मला सांग, पहिल्यांदा तिला कुठं पाठवू?