रिठ्याचा फेस

(सकाळ. पंचवटीतलं एक जुनं घर. अंगणात लोखंडी खलबत्ता.)

पाच-सहा ठोक्यांत रिठा फुटतो आणि काळीभोर, गुळगुळीत बी टुणकन बाहेर पडते. बी टाकून द्यायची. कामाचं जे काही आहे ते सालीत. आजींनी पदर नाकावर ओढलाय, कारण रिठ्याची पूड नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. आमच्या कॅमेरामननं हे मनावर घेतलं नाही. पुढचे दोन शॉट म्हणून जरा हललेले आहेत.

आठ-दहा रिठ्यांची सालं, तांब्याभर पाणी, आणि मध्ये एक रात्र. सकाळी मंद आचेवर उकळी आणायची, निवल्यावर हातानं कुस्करायचं, जुन्या पंचाच्या फडक्यातून गाळायचं. आच मोठी केली तर फेस उतू जातो आणि न्हाण्याआधी शेगडीच धुवावी लागते, हा आजींचा अनुभव.

(पातेलं. फेस वर येतो.)

हा फेस सॅपोनिनचा, म्हणजे सालीतल्या फेस धरणाऱ्या द्रव्याचा. त्याच्या रेणूला दोन अंगं. एकीकडे साखरेचे घटक, त्यांना पाणी आवडतं. दुसरीकडे तीस कार्बनांचा सांगाडा, त्याची सगळी ओढ तेलाकडे. केसातल्या तेलकट मळाला हा सांगाडा बिलगतो आणि साखरेची बाजू त्याला पाण्यात ओढून नेते. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, बादलीच्या कडेला पांढरट थर धरतो. रिठ्याचा तसा साका बसत नाही.

(जुन्या नाशकातलं काष्ठौषधीचं दुकान. पोती.)

शिकेकाई, नागरमोथा, कचोरा, आवळकाठी आणि हे रिठे. उत्तरेकडचा रिठा सुटा, गोल. आपल्याकडचा तीन फळं एकमेकांना चिकटलेला. त्याचं शास्त्रीय नाव सॅपिंडस ट्रायफोलिएटस. ट्रायफोलिएटस म्हणजे तीन पानांचा, पण लक्षात राहतात ती ही तीन फळं. नावातलं सॅपिंडस स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली नोंदवलं, आणि त्याचा अर्थ सरळ आहे: भारतातला साबण.

(सराफ बाजार. चांदीचं निरांजन, मऊ ब्रश.)

इथे बोलायची गरज नाही, बघा.

(दहा सेकंद फक्त ब्रशचा आवाज.)

तुपाचं किटण सुटलं. चांदी हवेनं काळवंडली असेल तर एकटा रिठा पुरत नाही, हे कारागिरांनीच सांगितलं.

(दुकानातल्या फळीवर बाटल्या. लेबलं जवळून.)

डेसिल ग्लुकोसाइड. कोको ग्लुकोसाइड. सौम्य फेसवॉश आणि बाळांच्या शाम्पूंत ही नावं हमखास दिसतात. मक्याच्या स्टार्चपासून मिळणारी साखर, नारळाच्या किंवा पामच्या तेलातून काढलेलं फॅटी अल्कोहोल, दोन्ही कारखान्यात जोडलेली. अशा जोडणीची कृती एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९३ साली मांडली होती. पुन्हा तेच, एक अंग साखरेचं, एक तेलाचं. त्यामुळे बाटलीवरचं ‘वनस्पतीजन्य’ खोटं म्हणता येत नाही. आमचं म्हणणं एवढंच की हेच काम आयतं करणारं फळ दोन गल्ल्या पलीकडे पोत्यात पडून असतं, आणि गिऱ्हाईक ते दिवाळीच्या आठवड्यातच मागतं.

रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं, रोज वापरलं तर केस कोरडे पडतात, आणि माशांच्या कल्ल्यांना ते घातक असतं, तेव्हा उरलेलं पाणी नदीत किंवा तळ्यात ओतू नका.

(गच्ची. ऊन. आजी नातीचे केस पंचानं झटकतात.)

नातीची तक्रार एकच, वासाची. पुढच्या रविवारी थोडा कचोरा घालायचं आजींनी कबूल केलंय.