पाखराच्या पोटातली पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

मृग लागला की ओटीवरच्या दिव्याखाली पाखरं जमतात आणि घरोघरी तीच धांदल सुरू होते. ताटं वाढण्याआधी दिवा मालवायचा, खिडक्या ओढून घ्यायच्या, नाहीतर दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची. वाळवीची पाखरं त्या पाण्यात पडतात आणि सकाळी परात अंगणात उपडी होते. हे तुम्हाला मी सांगायला नको. मला बोलायचंय ते त्याच दिव्यावर जरा उशिरा येणाऱ्या पाहुण्यांबद्दल, म्हणजे पतंगांबद्दल.

फुलपाखरांचं कौतुक आपल्याकडे आता बरंच होतं, आणि ते झालंच पाहिजे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. पण हिशोब ऐका. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास, आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. पुन्हा सांगते, फुलपाखरं तेराशेच्या आसपास, पतंग दहा हजारांहून जास्त. रात्री उमलणाऱ्या फुलांचे पराग इकडून तिकडे नेणारे ते, वटवाघळांचं आणि रातव्यांचं पोट भरणारे ते, आणि पक्षी आपल्या पिल्लांच्या चोचीत ज्या अळ्या कोंबतात त्यातल्या कितीतरी त्यांच्याच. तरी ते रात्री हिंडतात म्हणून त्यांच्याकडे बघायला कोणी थांबत नाही.

ते दिव्यावर का येतात, हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं. दिव्यावर त्यांचं प्रेम आहे, असं कवी सांगत आले. २०२४ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे किडे टिपले, तेव्हा दिसलं की उडताना किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे आकाश, त्यामुळे पाठ उजेडाकडे असली की किडा सरळ उडतो आहे असा अर्थ. आता आकाशाऐवजी शेजारी बल्ब आला. तो पाठ बल्बकडे वळवतो, कलंडतो, पुन्हा वळवतो, आणि तिथेच गरगरत राहतो. त्याला दिवा हवा असतो असं नाही, त्याचं वर आणि खाली हरवलेलं असतं.

म्हणून जाता जाता एक सांगतेच. देवळांच्या आवारात हल्ली जे पांढरेफेक फ्लडलाइट रात्रभर जळतात, ते मला बघवत नाहीत. देवाला रात्री एवढा उजेड कशाला लागतो? समई पुरते. गाभारा समईच्या उजेडातच बघावा, मूर्तीचा चेहरा त्यातच दिसतो. आणि सकाळी त्या फ्लडलाइटखाली मेलेल्या पाखरांचा जो सडा पडलेला असतो, तो झाडणाऱ्या बाईला जाऊन विचारा, रोज किती सुपं भरतात ते.

असो. तर मी काय करते? पावसाळ्यात गावोगाव जाते, एक पांढरी चादर दोरीवर ताणते, पुढे एक बल्ब लावते आणि लोकांना बोलावते. बस, एवढंच. चादर, बल्ब आणि लोक. पतंग येऊन चादरीवर बसतात, माणसं येऊन चादरीपुढे उभी राहतात. मग गप्पा होतात.

आणि आता ती गोष्ट सांगते. माझ्या ओळखीच्यांनी ती माझ्याकडून अनेकदा ऐकलेली आहे, पण रेडिओवर ती सांगायचं फार दिवस मनात होतं. कारण या गोष्टीत बघण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं जास्त आहे.

सिंधुदुर्गातलं एक गाव. श्रावणातला हरिनाम सप्ताह. सप्ताह म्हणजे रात्रंदिवस भजन, वाडीवाडीने आळीपाळीने देवळात उभं राहायचं, वीणा खाली ठेवायची नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला गावकऱ्यांनी सांगितलं, रात्री सगळं गाव देवळातच असतं, तर तुमची चादर देवळामागच्या पडवीतच लावा. मी लावली. बाहेर भुरभुर पाऊस, वारा नाही, चंद्र ढगाआड. पतंगांना याहून चांगली रात्र नसते.

त्या देवळाची आणखी एक गोष्ट मला आवडली. तिथे सप्ताहाला कर्णा लावत नाहीत. भजन करणाऱ्याच्या गळ्यातून निघतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात जातं, मध्ये यंत्र नाही. भजन असंच ऐकावं. टाळ वाजून थांबला की त्याची कणकण किती वेळ हवेत राहते, हे कर्ण्यातून कधी कळायचं नाही. आणि त्या रात्री देवळात कर्णा असता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

एका वाडीची पाळी संपून दुसरी उभी राहिली. सुटलेली मंडळी चहाचे कप घेऊन मागे पडवीत आली. पोरं आधीपासून चादरीला चिकटलेली होतीच. त्या मंडळींबरोबर एक म्हातारे बुवा आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. आयुष्यभर पेटी वाजवलेले. दोन्ही डोळ्यांनी जवळपास काही दिसत नव्हतं. बाकीचे चादरीपुढे गोळा झाले, बुवा मात्र भिंतीला टेकून बसले. एवढे पतंग, हिरवे, तपकिरी, काही अगदी सुकल्या पानासारखे, आणि मी बडबडतेय, हे बघा, ते बघा. बुवांना मी काय दाखवणार होते?

तेवढ्यात एक मोठा पतंग धाडकन चादरीवर आदळला. हाताच्या अंगठ्याएवढं जाड अंग, पोटावर पिवळे-काळे पट्टे, आणि पाठीवर, डोक्याच्या मागे, माणसाच्या कवटीसारखी खूण. एक काकी मागे सरल्या, म्हणाल्या हात लावू नका त्याला. हा कवटीचा पतंग. शास्त्रीय नाव ॲकेरॉन्शिया. आपल्याकडे त्याच्या दोन जाती मिळतात. मी त्याला हळूच बोटावर घेऊ लागले, तशी त्याने आपली हरकत नोंदवली. म्हणजे तो ओरडला. चीं! चीं!

हो, ओरडला. श्रोतेहो, हा पतंग ओरडतो. आवाज चांगला हातभर लांबून ऐकू येतो.

पोरं किंचाळली. आणि भिंतीकडून आवाज आला, "चिचुंद्री इली काय रे खय?"

मी म्हटलं, "नाही बुवा, चिचुंद्री नाही. पाखरू आहे."

"पाखरू वरडता?"

"हे ओरडतं."

बुवा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाय, माका दिसणा नाय. माज्या कानाकडे धर बघू."

मी तो पतंग ओंजळीत घेऊन त्यांच्या कानाशी नेला आणि गवताच्या काडीने त्याच्या पाठीला जरासं शिवले. चीं! बुवांनी मान वाकडी केली. म्हणाले, "परत." मी परत शिवले. "परत." सगळी पडवी शांत झाली. आत देवळात नवी वाडी पंचपदीला लागली होती आणि इथे पेटी वाजवणारे बुवा एका पतंगाचं ऐकत होते.

मग ते म्हणाले, ह्यात दोन आवाज आहेत. एक आधी, खरखरीत, आणि एक मागून, बारीक, शिट्टीसारखा.

मला अंगावर काटा आला. कारण हे अगदी खरं आहे, आणि ते मला कानांनी कधीच नीट वेगळं करता आलेलं नव्हतं. मी वाचून जाणत होते. या पतंगाच्या युरोपातल्या भावंडावर जर्मनीतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पतंग आपल्या घशातल्या पोकळीत हवा ओढून घेतो, तेव्हा तिथला एक पडदा थरथरतो आणि खरखर उमटते. मग तीच हवा बाहेर ढकलतो, तेव्हा बारीक शीळ निघते. हवा आत, एक आवाज. हवा बाहेर, दुसरा आवाज. हे मी बुवांना सांगितलं.

बुवा हसले. मोठ्याने. "म्हणजे भातो! वारो आत घेता नि भायर सोडता. पेटीचो भातो!" आणि उठून उभेच राहिले. "पोरांनो, हयसर येवा रे सगळे. पाखराच्या पोटात पेटी आसा!"

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. पोरांना, चहा पिणाऱ्यांना, आतून पाय मोकळे करायला आलेल्यांना, सगळ्यांना बुवाच सांगत होते. भाता कसा दाबतात, वारा सुरातून कसा जातो, आणि तसंच हे पाखरू कसं करतं. मी चार पावसाळ्यांत बोलून जेवढं पटवलं नसतं तेवढं त्यांनी तासाभरात पटवलं. ज्या काकी हात लावू नका म्हणाल्या होत्या, त्याही पुढे येऊन कान लावून गेल्या.

मग कोणीतरी विचारलं, हे पाखरू खातं काय? मी सांगितलं, हे मधाचं चोर आहे. रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतं. याची सोंड आखूड आणि भक्कम असते, ती मेणाच्या घरात खुपसून मध पितं. अंगाला मधमाश्यांसारखाच वास असतो, त्यामुळे माश्यांना तो सहसा परका वाटत नाही. आणि याची अळी तिळावर वाढते, वांग्यावरही. मोठी, बोटाएवढी, अंगावर तिरके पट्टे, शेपटीवर शिंग.

"शिंगवाली अळी?" बुवांनी विचारलं. "तिळावरची?" गावात तीळ करणाऱ्या सगळ्यांच्या माना हलल्या. ओळखत होते सगळे. बुवा म्हणाले, "नि मी इतकी वर्सां चेचतंय त्येंका!"

आता मी शेतकऱ्याला अळी मारू नका असं कधी सांगत नाही. पीक त्याचं, पोट त्याचं. त्या रात्रीही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, एखादी अळी बरणीत ठेवून बघा, तळाला ओली माती घाला, रोज तिळाचा ताजा पाला द्या. ती कोश करायला मातीत शिरते. आणि एक गंमत सांगितली. तिला डिवचलं की ती जबड्यांनी टकटक वाजवते. अळीलासुद्धा आवाज आहे.

पुढच्या श्रावणात मी त्याच गावात गेले, तेव्हा बुवांच्या ओटीवर काचेची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. नातवाने त्यांच्यासाठी शेतातून अळी आणली होती. पाला घालायचं काम नातवाचं, आणि रोज संध्याकाळी बरणी कानाला लावून टकटक ऐकायचं काम बुवांचं. शेजारची पोरं ओळीने बसून वाट बघत, बुवांचं ऐकून झालं की आपली पाळी. त्या अळीचा पतंग मातीतून वर आला तेव्हा मी तिथे नव्हते. नातवाने सांगितलं, पंख वाळेपर्यंत तो फडक्याला लटकून होता आणि बुवांनी त्याला उडू देण्याआधी एकदा ओरडायला लावलं.

श्रोतेहो, मी जैवविविधतेवर भाषणं ऐकली आहेत, दिलीही आहेत. आता मी गावात गेले की आधी विचारते, इथे कोण काय करतं? सुतार कोण, गवंडी कोण, विणकाम कोण करतं, मासे कोण पकडतं? कारण सुताराला लाकूड पोखरणारा भुंगा दाखवला तर तो मला भुंग्याबद्दल शिकवतो. विणणाऱ्या बाईला कोश दाखवला तर ती धागा बोटात धरून सांगते की हा एकेरी आहे. ज्याच्या हातात जे आहे, तिथूनच त्याला किडा कळतो. आणि एकदा कळला की तो माणूस दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही.

वाघ बघायला पैसे भरून जीपमध्ये बसावं लागतं. बसा, जरूर बसा. पण ज्या मुलाने वाघ पाहिला आणि आपल्या कढीपत्त्यावरची अळी पाहिली नाही, त्याला जंगल अजून कोणी दाखवलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती विजेची रॅकेट मुलांच्या हातात खेळणं म्हणून देऊ नका, ही विनंती. डासांसाठी मच्छरदाणी आहे.

तर या पावसाळ्यात करून बघा. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर लोक असेच दिवे लावून पतंग बघतात. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेला हा पतंग सप्ताह आता आपल्याकडेही पुष्कळ जण पाळतात. पांढरी चादर किंवा जुनं धोतर घ्या. अंगणात, गच्चीत, कुठेही ताणा. पुढे बल्ब लावा, घरातले बाकीचे दिवे बंद ठेवा. अमावास्येच्या आसपासची, बिनवाऱ्याची रात्र निवडा. पुन्हा सांगते, चादर पांढरी, बाकी दिवे बंद, वारा नको. शेजाऱ्यांना बोलवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढची खुर्ची द्या.

दहा-अकरा वाजता बल्ब नक्की बंद करा. रात्रभर चालू ठेवू नका. आणि चादर काढण्याआधी तिच्यावर बसलेले पतंग हलक्या हाताने झुडपात सोडा, कारण उघड्यावर राहिले तर पहाटे दयाळ आणि कोतवाल येऊन एकेक टिपून नेतात. चादर घडी करण्याआधी उलटी बाजूही बघा, लहान पतंग तिकडेच बसलेले असतात.

नमस्कार.