मण्यावरचं मेण

[दृश्य: मार्चमधली सकाळ. सांगली-सोलापूर सीमेवरच्या नागज-जुनोनी पट्ट्यातला उघडा माळ, ओळीनं उभी बेदाण्याची शेडं.]

द्राक्षाच्या घडावरचा एक मणी बोटानं पुसून बघा. पांढुरकी झाक निघते आणि खालची हिरवी साल चमकते. ती झाक म्हणजे मेण. वेलीवर असताना मणी टवटवीत राहतो तो याच मेणाच्या जोरावर, कारण ते आतलं पाणी राखतं. पण घड तोडला आणि त्याचा बेदाणा करायचा ठरला, की हाच राखणदार आडवा येतो.

साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो. उरलेलं जवळजवळ सगळं पाणी, आणि ते त्या मेणातून बाहेर पडायचं. घड नुसतेच सावलीत पसरले तर महिना सहज जातो. तोवर मणी तपकिरी पडतो, ढग आले तर बुरशी धरतो.

[दृश्य: पाण्याचं टाकं. एक बाई पांढरी पावडर ओतते, दुसरी काठीनं ढवळते.]

ही पावडर पोटॅशियम कार्बोनेट. लिटरला 25 ग्रॅम. ती पूर्ण विरघळली की वरून डिपिंग ऑईल, म्हणजे घड बुडवण्याच्या पाण्यात घालायचं तेल, लिटरला 15 मिली. क्रम महत्त्वाचा: आधी पावडर, मग तेल, आणि पाणी दुधासारखं होईपर्यंत ढवळणं. तेलाचा थर वर तरंगत राहिला तर काही घडांना तेल जास्त लागतं, काही कोरे राहतात, आणि रॅकवर, म्हणजे शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर, माल एकसारखा वाळत नाही.

[दृश्य: क्रेट टाक्यात बुडतो. घडांमधून बुडबुडे वर येतात. कॅमेरा तिथेच थांबतो.]

दोन ते चार मिनिटं, बस. तेवढ्यात काय होतं? मेणाच्या बारीक चकत्या सालीवर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात. तेल त्यांच्यात शिरतं आणि त्यांची घडी सैल करतं. पाण्याला वाट मिळते, पण साल फाटत नाही. जगात काही ठिकाणी गरम क्षारात बुडवून सालीला मुद्दाम बारीक चिरा पाडतात. तसं केलं की साखर बाहेर झिरपते आणि मणी चिकट होतो. आपली थंड पाण्याची पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

ही युक्ती जुनी आहे. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून त्यात द्राक्षं बुडवत. राखेत असतं तेच पोटॅशियम कार्बोनेट. आणि डिपिंग ऑईलमधलं इथाइल ओलिएट ज्या ओलिक आम्लापासून बनतं, ते ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं.

[दृश्य: हात जवळून. रबरी हातमोजे.]

हे हातमोजे बघा. टाक्यातलं पाणी चांगलंच क्षारयुक्त असतं, दिवसभर उघडे हात घातले तर कातडी सोलते. बेदाण्याच्या हंगामात हे काम बहुतेक बायाच करतात. हातमोज्यांचा खर्च द्रावणाच्या खर्चातच धरायला हवा, त्यात कंजुषी नको.

[दृश्य: शेडच्या आत, जाळ्यांचे थर. वारा.]

घड निथळले की जाळीवर, एकेरी थरात, सावलीला. ऊन थेट लागलं तर हिरवा रंग जातो. पुढचे दोन-तीन दिवस त्याच द्रावणाचा जरा सौम्य फवारा मारतात, म्हणजे घडाच्या आतल्या, नीट न भिजलेल्या मण्यांनाही तेल पोहोचतं. बाकीचं काम इथली कोरडी हवा करते. याच हवेमुळे दुष्काळी म्हणून हिणवलेल्या माळावर आज ही शेडं उभी आहेत.

[दृश्य: पंधरावा दिवस. मूठभर बेदाणा हातात.]

बारा ते पंधरा दिवसांनी एक मूठ भरून घट्ट दाबतात आणि सोडतात. मणी एकमेकांना चिकटून गोळा झाला, तर अजून एक दिवस जाळीवरच. सुटे झाले, तर रॅक हलवायला माणसं बोलावतात.

[आवाज: जाळीवरून खाली पडणारा बेदाणा.]