मुशीतली चांदी, फळ्यावरचा भाव

(दृश्य: विटा. पहाटेची गल्ली. अर्ध्या शटरखालून भट्टीचा उजेड.)

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात उजाडायच्या आधी भट्टी पेटते. खानापूर, आटपाडी, पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा कमी पावसाचा मुलूख. पोटासाठी इथून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ पेठांत गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, म्हणून ओळखली जाऊ लागली.

(दृश्य: तराजूत पैंजण, वाळे, चेपलेलं निरांजन.)

ही मोड. हिच्यात तांबं आहे, सांधे जोडायचा डाख आहे, वर्षानुवर्षांचा मळ आहे. आधी सगळं मुशीत वितळवायचं. रस थंड पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे, म्हणजे तेजाब, धातू विरघळवणारं आम्ल, सगळीकडून लागतं. हा तांबूस धूर निघतो तेव्हा चांदी विरत असते. थोड्या वेळानं भांड्यात फक्त निळसर पाणी उरतं. चांदी त्यातच आहे, पण दिसत नाही. मग तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. तांबं विरतं आणि चांदी करड्या गाळासारखी तळाशी बसते. तो गाळ धुवायचा, पुन्हा धुवायचा, वाळवायचा. टाकणखार घालून परत मुशीत.

(निवेदन थांबतं. शुद्ध चांदीची लगड ओतल्याचा आवाज.)

या हातांना मजुरी वजनावर मिळते. भाव दुप्पट झाला म्हणून मजुरी दुप्पट होत नाही.

(दृश्य: सांगलीची सराफ पेठ. दुकानातला भावफलक.)

लगडीचा भाव इथं ठरत नाही. लंडनमध्ये रोज दुपारी 12 वाजता लिलावातून एक आकडा निघतो, एका ट्रॉय औंसाला इतके डॉलर. रोज असा आकडा ठरवण्याची रीत 1897 पासूनची. बाकी दिवसभर न्यूयॉर्कच्या वायद्यांबरोबर, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांबरोबर, भाव हलत राहतो. लगेच मिळणाऱ्या मालाचा हा भाव म्हणजे स्पॉट, पेठेतला हाजर भाव.

ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, किलोत ते 32.15 बसतात. समजा औंसाला 30 डॉलर आणि डॉलरला 85 रुपये. किलोचे झाले सुमारे 82 हजार. आयातशुल्क, जे जुलै 2024 मध्ये 15 टक्क्यांवरून 6 वर आलं, ते धरून 87 हजारांच्या जवळ. वर 3 टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणनव्वद. आपण आत्ता पाहिलेली मोड कुठल्या विमानातून आली नव्हती, बोटीतूनही नाही. तरी तिची लगड याच हिशेबानं विकली जाते.

(दृश्य: काउंटर. एक आजी दहा-दहा ग्रॅमची दोन नाणी तळहातावर घेऊन पाहतात.)

हाजर भावावर आणखी पैसे चढतात, तो प्रीमियम. वाहतूक, विमा, घडणावळ, सराफाचा नफा. किलोच्या विटेवर तो पातळ पसरतो. नाण्याला मात्र ठसा लागतो, टंचाची, म्हणजे शुद्धतेची, खात्री लागते, डबी लागते आणि हे सगळं दहाच ग्रॅमवर पडतं. म्हणून ग्रॅममागं सगळ्यात महाग चांदी घेतात त्या या आजी. किलोच्या विटा घेणारा माणूस त्यांच्यापेक्षा स्वस्तात घेतो. हे आम्हाला या पेठेत पहिल्यांदा नीट कळलं.

(दृश्य: दिवाळीची गर्दी, रिकामे ट्रे.)

ऑक्टोबर 2025. अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं 1980 साली 50 डॉलरच्या घरात गेलेला भाव त्या महिन्यात मागं पडला. ऐन दिवाळीत हजर माल मिळेना, प्रीमियम भडकला. काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी नवे पैसे घेणं थांबवलं. तेव्हा चढ्या प्रीमियमनं घेतलेलं नाणं मोडीत आणलं, तर वरचे पैसे परत येत नाहीत.

(दृश्य: पावतीवर कॅमेरा जवळ.)

आजींनी पावती मागून घेतली. एका ओळीत चांदीचा भाव, खालच्या ओळीत वरचे पैसे.

(आजी दोन्ही ओळींवरून बोट फिरवतात. नाणी रुमालात बांधतात.)