गर्दीच्या गावातली मोकळी लाट

[दृश्य: उंचावरून दिसणारा किनारा. भूशिराच्या टोकाशी पाण्यात माणसांची दाटी. पुढची पुळण दूरवर रिकामी.]

सर्फिंगसाठी नावाजलेलं कुठलंही गाव सुट्टीच्या दिवशी वरून पाहिलं, तर असंच दिसतं. एका टोकाशी बोर्डाला बोर्ड लागलेला असतो आणि तिथून डावी-उजवीकडे कित्येक किलोमीटर पाण्यात कुणी नसतं. ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेमधला ‘द पास’ असो की कॅलिफोर्नियातलं मालिबू, माणसं गोळा होतात ती नावाजवळ. तिथे गाडी लावायला जागा असते, बोर्ड भाड्याने मिळतात, किनाऱ्यावरचा कॅमेरा घरबसल्या लाट दाखवतो. सगळे एकाच ॲपवरचा एकच अंदाज वाचतात आणि एकाच वेळी पाण्यात उतरतात.

उरलेलं पाणी रिकामं का? खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी त्याला कारण असतं. सर्फरला हवी असते ती एका बाजूने फुटत फुटत जाणारी लाट. तळ सगळीकडे सारखा असेल, तर लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळते आणि पुढे सरकायला जागाच उरत नाही. पण त्याच किनाऱ्यावर अशाही काही जागा असतात, ज्या दिवसातून दीड-दोन तास सुरेख चालतात आणि मग बंद पडतात. आपण शोधतोय त्या या जागा. त्या कुणी लपवून ठेवलेल्या नसतात. त्यांची वेळ कुणी पाहत नाही, एवढंच.

[दृश्य: खोल समुद्र. क्षितिजापर्यंत एकामागोमाग एक उंचवटे.]

सुरुवात लाट जन्मते तिथून करू. दूरच्या वादळातला वारा पाण्याला ऊर्जा देतो. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांबवर वाहिला, यावर लाटेचं मोठेपण ठरतं. वादळापासून दूर निघून आलेल्या, नीट रांगेने चालणाऱ्या या लाटांना सर्फर स्वेल म्हणतात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग प्रशांत महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला होता. दहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करूनही त्या ओळखू येत होत्या.

अंदाज पाहताना बहुतेकांची नजर उंचीच्या आकड्यावर खिळते. मला विचाराल तर त्याच्या शेजारचा, सेकंदांतला आकडा जास्त बोलका आहे. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, तो हा आकडा. खोल पाण्यात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर असते, पंधरा सेकंदांच्या लाटेची ३५० मीटर. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे पहिलीला ५० मीटर खोलीवर, दुसरीला थेट १७५ मीटरवर. लांब लाट किनाऱ्यापासून खूप आधीच तळाच्या चढउतारांप्रमाणे वळायला लागते.

या वळण्यातच मोकळ्या लाटेची पहिली खूण आहे. रांगेने चालणाऱ्या पलटणीचं एक टोक चिखलात शिरलं, की ते मंदावतं आणि सगळी रांग त्या बाजूला वळते. लाटेचंही तसंच होतं. भूशिराजवळच्या उथळ पाण्यात तिचं एक टोक रेंगाळतं, उरलेली लाट त्याभोवती फिरते आणि आडोशाच्या उपसागरात शिरते. तिथे पोचेपर्यंत तिची उंची बरीच कमी झालेली असते. म्हणून मोठ्या स्वेलच्या दिवशी, मुख्य किनाऱ्यावर पांढऱ्या फेसाचा धुमाकूळ चालू असताना, एरवी सपाट पडलेला हा कोपरा नेमका जागा होतो. गर्दी मात्र सवयीने मुख्य किनाऱ्यावरच उभी असते.

[दृश्य: पहाटेचा किनारा. जमिनीकडून येणारा वारा लाटेच्या माथ्यावरचे तुषार मागे उडवतो.]

वाऱ्याचं गणित सोपं आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचं अंग उभं धरून ठेवतो, गुळगुळीत करतो. दिवस चढला की खारा वारा सुटतो आणि तीच लाट विस्कटते. वारा फिरताच निम्मी माणसं निघून जातात. पण किनारा सरळ कुठे असतो? तो वळतो, आत येतो, खडकामागे दडतो. एका पुळणीवर समोरून येणारा वारा दुसऱ्या तोंडाच्या उपसागरात पाठीमागून येतो. नकाशावर त्या दिवसाच्या वाऱ्याचा बाण काढा आणि तो कुठल्या कोपऱ्यात जमिनीवरून पाण्याकडे जातोय ते पाहा. कधी कधी संध्याकाळी वारा साफ पडतो. त्या तासाभरात मुख्य किनाऱ्यावरसुद्धा जागा मिळते.

आता भरती-ओहोटी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त मोकळ्या लाटा इथेच निसटतात.

साधारणपणे लाट तिच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोलीवर फुटते. एक मीटरची लाट फुटायला सुमारे १.३ मीटर पाणी लागतं. आता वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या लांबट उंचवट्यावर, ओहोटीला एवढंच पाणी आहे असं समजा. भरतीने त्यात दोन मीटरची भर घातली, तर तीच लाट दांड्यावरून न फुटता निघून जाईल आणि काठाशी येऊन आदळेल. अकरा वाजता आलेला माणूस म्हणेल, इथे काही नाही. सात वाजता आलेल्याने मात्र तिथे मनसोक्त लाटा घेतलेल्या असतील.

शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला चाललेली जागा चार दिवसांनी साधारण सव्वादहाच्या पुढे चालेल. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं-उतरतं, त्यामुळे चांगली वेळ आखूड असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची पातळी फारशी हलत नाही आणि एखादी जागा तासन्‌तास टिकते. हे सगळं भरतीच्या साध्या तक्त्यात असतं. पाहणारे थोडे.

[दृश्य: ओहोटीची पुळण. उघडे पडलेले वाळूचे दांडे, मधून वाहणाऱ्या चरी.]

उधाणाच्या ओहोटीला, बोर्ड न घेता, किनाऱ्यावरून चालत जा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच. समुद्राने तळ उघडा करून दाखवलेला असतो. दांडा कुठे आहे, तो कुठल्या बाजूला निमुळता होतो, पाणी कुठल्या चरीतून परत जातं, खडक कुठे डोकं वर काढतात. दांडा एका बाजूला उतरता असेल, तर लाटही त्या बाजूने फुटत जाईल. मग पाणी चढायला लागलं की तिथेच अर्धा तास बसा. लाटा जथ्याने येतात आणि दोन जथ्यांमध्ये कधी दहा मिनिटांहून जास्त शांतता असते. पाच मिनिटं बघून निघून जाणाऱ्याला जागा सपाट वाटते.

उपग्रहचित्रांचीही मदत होते. नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावरची स्केलेटन बेची अफाट लांब लाट २००८ मध्ये जगासमोर आली, ती संगणकावर किनारे न्याहाळणाऱ्या एका वाचकाने सर्फिंगच्या मासिकाच्या स्पर्धेत तिचं ठिकाण सुचवल्यामुळे. तुमच्या गावाजवळचे पाच किलोमीटरही तसेच न्याहाळा. फेसाची पांढरी रेघ तिरकी दिसली तर थांबा. वेगवेगळ्या तारखांची चित्रं मिळाली तर जरूर ताडून बघा, कारण वाळू जागा बदलते.

ती किती बदलते, याची दोन मोठी उदाहरणं आहेत. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी साचणारी वाळू पंपाने पलीकडच्या किनाऱ्यावर टाकायला २००१ मध्ये सुरुवात झाली. त्या वाळूने तिथल्या स्नॅपर रॉक्सपासून किरा या किनाऱ्याच्या दिशेने ‘सुपरबँक’ हा लांबलचक दांडा तयार झाला. जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या लाटांपैकी एक आज तिथे फुटते, पण किराची जुनी नामांकित लाट बरीच वर्षं वाळूखाली हरवली. स्पेनच्या मुंडाका इथे २००३ मध्ये खाडीतला गाळ उपसला गेला आणि दांडा बिघडला. २००५ मध्ये तिथली जागतिक स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे वाळू पुन्हा जमली, लाट परतली. तुमच्या किनाऱ्यावर असं काही छोट्या प्रमाणात प्रत्येक मोठ्या वादळानंतर होतं. म्हणून वादळ ओसरलं की पुन्हा चालून या.

[दृश्य: पाण्यात तिघे जण. एक लाट घेतो, दोघे वाट देतात.]

जागा सापडली आणि तिथे दोघं आधीच असली, तर थेट त्यांच्या मधोमध जाऊ नका. बाजूला थांबा, एक-दोन लाटा त्यांना जाऊ द्या, बोला. फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ असेल त्याची लाट, हा नियम रिकाम्या पाण्यातही लागू आहे.

आणि फोटोला ठिकाणाची खूण लावू नका. अर्थात याचं दुसरं टोकही वाईटच. कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बेमध्ये स्थानिक टोळक्याने बाहेरच्यांना वर्षानुवर्षं धमकावून हुसकावलं. कड्याखाली त्यांनी बांधलेला दगडी अड्डा अखेर २०१६ मध्ये पाडला गेला. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. तरीही जो स्वतः पाणी वाचत आलाय, त्याला किनाऱ्यावर उभं राहून समोरासमोर सांगणं आणि हजारोंना एका बोटाने पाठवणं, यात मला मोठा फरक वाटतो.

[दृश्य: दोन दांड्यांमधली गडद पाण्याची पट्टी.]

मोकळ्या जागेत एक गोष्ट नसते, ती म्हणजे मदत. जीवरक्षक गर्दीच्या किनाऱ्यावर असतो. दोन दांड्यांमधली ही गडद पट्टी पाहा. इथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर साचलेलं पाणी इथूनच वेगाने समुद्रात परत जातं. जाणकार सर्फर याच प्रवाहाने आत जातात. नवख्याने त्यात सापडल्यावर उलट पोहत दमून जाऊ नये. बोर्ड सोडू नये, तरंगत राहावं, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर सरकत जिथे लाटा फुटतायत तिथून परत यावं. सोबत एक तरी माणूस हवा, आणि आपण कुठे चाललोय, किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या कुणाला तरी ठाऊक हवं. बाहेर पडण्याची दुसरी वाट पाण्यात उतरण्याआधीच बघून ठेवा. भरती चढल्यावर पहिली वाट खडकाखाली गेलेली असू शकते.